पिकअपची चासी लांबवून लांब हौदा बसवताना: मापापासून पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत

छोटा हौदा काढून लांब हौदा बसवायचा ठरला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन येतं. खरं तर लाँग मेंबर (चासीच्या लांबीने जाणारे दोन मुख्य पट्टे) कापायला अर्धा तास पुरतो आणि नीट तयारी असेल तर जोडायला दोन दिवस. गाडी पुढची दहा वर्षं सरळ धावेल की वर्षाच्या आत जोडाशेजारी तडा दिसेल, हे मात्र कट मारायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. कुठे कापलं, किती वाढवलं आणि कापताना चासी कशावर टेकली होती, या तीन गोष्टी ते ठरवतात. म्हणून या लेखात मापांवर जास्त वेळ दिला आहे.

हे काम घरच्या घरी शिकायचं काम नाही. ३ ते ६ मिमी जाडीच्या स्टीलवर आरपार मुरलेला वेल्ड करण्याचा हात बसलेला नसेल, तर मोजमाप, उघडणं आणि पुन्हा जोडणी तुम्ही करा, वेल्ड मात्र प्रमाणित वेल्डरकडून करून घ्या. काम असं वाटून घेण्यात काहीच कमीपणा नाही.

आधी गाडी या कामाला योग्य आहे का ते बघा

पहिला प्रश्न साधा आहे: गाडीला वेगळी शिडीसारखी चासी आहे का? काही पिकअपमध्ये केबिन, हौदा आणि सांगाडा हे एकच पत्र्याचं कवच असतं. होंडा रिजलाइन त्यातलीच. अशी गाडी मधून कापून लांबवायचा विचार सोडून द्यावा.

दुसरा प्रश्न स्टीलचा. जुन्या पिकअपच्या लाँग मेंबरला बहुधा साधं माइल्ड स्टील असतं, नव्या गाड्यांत जास्त ताकदीचं मिश्र स्टील. ही दोन्ही योग्य पद्धतीने वेल्ड होतात. पण अवजड ट्रकच्या काही चासी उष्णता-प्रक्रिया करून कडक केलेल्या असतात आणि त्यांच्यावर कापू नका, वेल्ड करू नका, अशी सूचना चिकटवलेली असते. त्या स्टीलला वेल्डची उष्णता लागली की जोडाशेजारच्या पट्ट्यातली ताकद निघून जाते आणि नंतर ती परत आणता येत नाही. गाडीच्या बॉडी रिपेअर मॅन्युअलमध्ये स्टीलचा प्रकार आणि कुठे जोड द्यायची परवानगी आहे, ते दिलेलं असतं. ते पान हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त पैसे वाचवणारा आहे. त्याच केबिनसोबत कंपनीने कधी लांब चासीचं मॉडेल काढलं होतं का? काढलं असेल तर लांब मॉडेलची पूर्ण चासी मिळवून केबिन आणि इंजिन त्यावर हलवणं, हा लांबवण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे. त्यात एकही जोड येत नाही. शेवरले सी-१० चं उदाहरण घ्या. १९७३ ते १९८७ च्या मॉडेलमध्ये छोट्या हौद्याचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) ११७.५ इंच होता आणि लांब हौद्याचा १३१.५ इंच. १९६७ ते १९७२ च्या मॉडेलमध्ये हेच आकडे ११५ आणि १२७ इंच. म्हणजे कंपनीने स्वतःच १४ किंवा १२ इंचांचा फरक ठेवून दोन्ही गाड्या बनवल्या होत्या. पूर्ण चासी बदलणं शक्य नसेल, तर लांब मॉडेलच्या चासीचा मागचा अर्धा भाग मिळवा. मग प्रत्येक लाँग मेंबरला एकच जोड येतो. मधे तुकडा घालायचा तर दोन येतात.

यातलं काहीच जमत नसेल तरच तुकडा घालण्याकडे वळायचं. आणि व्हीलबेस बदलला की गाडीची नोंदणी आणि विमा दोन्हींवर परिणाम होतो, म्हणून तुमच्या भागातल्या परिवहन खात्याची लेखी परवानगी कापण्याआधी घ्यायची, नंतर नाही.

किती वाढवायचं: हौदाच सांगतो

इथे एक चूक वारंवार होते. जुना हौदा अमुक लांबीचा, नवा तमुक लांबीचा, दोघांतला फरक तेवढी चासी लांबवायची, असा सरळ हिशेब केला जातो. तो चुकीचा आहे. हौद्याची वाढलेली लांबी दोन ठिकाणी वाटली जाते: काही केबिन आणि मागच्या एक्सलच्या मधे, काही एक्सलच्या मागे. ही वाटणी हौद्याच्या चाकाच्या कमानीवरून ठरते, कारण कमानीचा मध्य एक्सलच्या मध्यावरच यायला हवा.

दोन्ही हौदे शेजारी ठेवा आणि प्रत्येकाची दोन मापं घ्या. पहिलं, हौद्याच्या पुढच्या काठापासून कमानीच्या मध्यापर्यंत. दुसरं, कमानीच्या मध्यापासून मागच्या टोकापर्यंत. समजा जुन्या हौद्याची मापं ९३० आणि १०५० मिमी आली आणि नव्याची १२८६ आणि ११९४ मिमी. केबिन आणि हौद्यातली फट तीच ठेवायची असेल तर एक्सलच्या पुढे वाढवायची लांबी १२८६ वजा ९३०, म्हणजे ३५६ मिमी. एक्सलच्या मागे ११९४ वजा १०५०, म्हणजे १४४ मिमी. हौदा ५०० मिमीने लांब झाला, पण व्हीलबेस फक्त ३५६ मिमीने वाढणार.

कमानीचा मध्य शोधताना कमानीच्या वरच्या बिंदूवर विसंबू नका, बऱ्याच कमानी सममित नसतात. जुना हौदा अजून गाडीवर असतानाच गाडी सपाट जमिनीवर उभी करा, चाकाच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि कमानीच्या पुढच्या व मागच्या कडेपासूनची दोन्ही अंतरं लिहून घ्या. नव्या हौद्यावर तेच गुणोत्तर लावायचं.

व्हीलबेस तसाच ठेवून फक्त मागचं टोक लांबवलं तर काय बिघडतं, असं मला बऱ्याचदा विचारलं जातं. सपाट, बिनकमानीच्या हौद्याला ते करता येतं, म्हणून मोह होतो. वरचाच लांब हौदा घ्या. त्याची एकूण लांबी २४८० मिमी, म्हणजे मध्य पुढच्या काठापासून १२४० मिमीवर. व्हीलबेस २९८५ मिमीच (वरचे ११७.५ इंच) ठेवला तर एक्सल ९३० मिमीवर राहतो आणि हौद्याचा मध्य एक्सलच्या ३१० मिमी मागे जातो. ८०० किलो माल सारखा पसरून भरला तर पुढच्या एक्सलवरून ८०० गुणिले ३१० भागिले २९८५, म्हणजे सुमारे ८३ किलो वजन उचललं जातं. स्टिअरिंग हलकं होतं आणि ओल्या वळणावर पुढची चाकं सरळ घसरतात. उलट एक्सल योग्य जागी गेला तर हौद्याचा मध्य एक्सलच्या ४६ मिमी पुढे येतो आणि त्याच मालाने पुढच्या एक्सलवर सुमारे ११ किलोची भर पडते. भरलेल्या मालाचा मध्य एक्सलच्या किंचित पुढे असावा हा नियम धरून ठेवा.

लांबी वाढल्यावर चासीचं काय होतं

लाँग मेंबर ही दोन एक्सलवर टेकलेली तुळई आहे. ढोबळ हिशेबात मधल्या त्याच भाराला वाकवणारा जोर लांबीच्या प्रमाणात वाढतो आणि झोळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात. ११७.५ इंचांवरून १३१.५ इंचांवर गेलं की जोर सुमारे १२ टक्के वाढतो, पण झोळ तब्बल ४० टक्के. पीळही जास्त बसतो. मजबुतीची पट्टी लागते ती यासाठी.

याचा दुसरा अर्थ असा की हौदा मोठा झाला म्हणून गाडीची भारक्षमता वाढत नाही. एकूण मान्य वजन तेच राहतं, वर चासीचा तुकडा, पट्टी आणि मोठा हौदा यांचं वजन त्यातूनच वजा होतं. लांब हौद्यात लांब, हलका माल न्यायचा. त्यात खडी भरायची असेल तर त्यासाठी वेगळी गाडीच घ्यावी लागेल.

कट कुठे घ्यायचा

केबिनच्या मागच्या माउंटिंगपासून मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या हँगरपर्यंतचा पट्टा स्वच्छ धुऊन, वायर ब्रशने घासून उघडा करा. या पट्ट्यात अशी जागा शोधा जिथे लाँग मेंबर सरळ आहे, उंची आणि रुंदी सारखी आहे, शेजारी भोक नाही, क्रॉस मेंबर (दोन्ही लाँग मेंबर जोडणारा आडवा भाग) नाही, आणि एक्सलवरून जाण्यासाठी चासी जिथे वर उचलली जाते ते वळण अजून सुरू झालेलं नाही. पाट्याच्या हँगरपासून आणि क्रॉस मेंबरपासून जितकं दूर राहता येईल तितकं राहा. तिथे एकवटलेले जोर येतात आणि वेल्डला तो शेजार सोसत नाही.

याच वेळी गंज तपासा. टोकदार हातोडीने सगळीकडे ठोकत जा. भरीव आवाजाऐवजी भद्द आवाज आला, किंवा पापुद्रे सुटले, तर तिथला पत्रा पातळ झाला आहे. अशा चासीला नवा तुकडा जोडण्यात अर्थ नाही.

मागच्या टोकाची १४४ मिमीची वाढ मागच्या शॅकल हँगरच्या (पाट्याचं मागचं टोक जिथे टांगलेलं असतं त्याच्या) पुष्कळ मागे करायची. तिथे जोर कमी असतो, पण टोइंग हुक त्याच टोकावर असेल तर हे वाक्य लागू होत नाही. हुकची चौकट जोडाच्या पुढे मूळ स्टीलपर्यंत नेऊन बोल्ट करावी लागते.

तुकडा

तुकड्याची जाडी, उंची, रुंदी आणि स्टीलचा दर्जा मूळ लाँग मेंबरसारखाच हवा. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चासीचा सरळ भाग मिळाला तर उत्तम. नाहीतर त्याच दर्जाच्या प्लेटमधून प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) वाकवून घ्यायचा आणि आतल्या कोपऱ्याची गोलाई मूळ चासीशी जुळवायची. जास्त जाड तुकडा जास्त मजबूत, असं वाटणं स्वाभाविक आहे, पण जाडी अचानक बदलते तिथेच ताण साठतो आणि पातळ बाजूला तडा जातो.

कट सरळ उभा न घेता ४५ अंशांत तिरका घ्यावा, असं माझं मत आहे. इंग्रजी सी आकाराच्या लाँग मेंबरमध्ये उभ्या भिंतीला वेब म्हणतात आणि वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांना फ्लँज. वाकताना सगळ्यात जास्त ताण फ्लँजवर येतो. तिरक्या कटामुळे वरच्या फ्लँजचा जोड आणि खालच्या फ्लँजचा जोड चासीच्या उंचीएवढे पुढेमागे होतात, दोन्ही एकाच रेषेत येत नाहीत. काही जण पायरीसारखा कट घेतात. त्यात दोन आतले कोपरे तयार होतात आणि प्रत्येक कोपऱ्यात भोक पाडून गोलाई दिली नाही तर तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून मी तो टाळतो.

उघडणं आणि टेकू

बॅटरी काढा, इंजिन कंट्रोल युनिट आणि जवळचे एबीएसचे कनेक्टर सोडा. हौदा उतरवा. इंधनाची टाकी पूर्ण काढून कामाच्या जागेपासून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ साठलेली असते. ब्रेक पाइप, इंधनाच्या नळ्या, हँडब्रेक केबल आणि वायरिंग चासीवरून मोकळी करून बाजूला बांधा. बंद पेटीच्या आकाराची चासी असेल तर आत गंजरोधक मेण असू शकतं, ते वेल्डच्या उष्णतेने पेट घेतं. आतून शक्य तितकं साफ करा आणि काम संपल्यावरही अर्धा तास अग्निशामक घेऊन तिथेच थांबा.

आता सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. गाडी सपाट, कठीण फरशीवर मजबूत स्टँडवर घ्या. दोन स्टँड पुढे, दोन केबिनच्या मागच्या टोकाखाली, दोन कटाच्या मागे, दोन मागच्या पाट्याच्या टोकापाशी. प्रत्येक ठिकाणी डावी-उजवी उंची पाणसळीने जुळवा. मग दोन्ही लाँग मेंबरच्या खाली एकेक जाड, सरळ बॉक्स सेक्शन धरा, कटाच्या पुढे आणि मागे निदान एकेक मीटर जाईल इतका लांब, आणि शिकंजांनी घट्ट आवळा. कापल्यावर मागचा भाग या बॉक्सवरून सरकवायचा आहे. हा मार्ग नसेल तर कापल्याक्षणी चासी खाली बसते आणि मूळ रेषा हरवते.

मापं सेंटर पंचच्या खुणांवरून घ्यायची, खडूच्या रेघेवरून नाही. डाव्या आणि उजव्या लाँग मेंबरवर पुढे, मधे, मागे कारखान्याची जुळी भोकं शोधा. पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्या भोकापर्यंतचा कर्ण आणि त्याच्या उलटा कर्ण मोजा. दोघांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चासी आधीच वाकडी आहे. ती आधी सरळ करून घ्या. सगळे आकडे वहीत लिहा आणि फरशीवर ओळंब्याने खुणाही उतरवून ठेवा. जोडताना वही आणि फरशी, दोन्ही जुळायला हवेत.

कापणं आणि जुळवणं

बँड सॉ किंवा पातळ चकतीचा ग्राइंडर वापरा. गॅस कटरची उष्णता पसरते आणि कडा खडबडीत राहते. डाव्या-उजव्या बाजूचे कट शक्य असेल तर १५० ते २०० मिमी पुढेमागे ठेवा, म्हणजे चारही जोड एका आडव्या रेषेत येत नाहीत. त्यासाठी सरळ पट्टा पुरेसा लांब हवा. नसेल तर आग्रह सोडा.

कडांना दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे ६० अंशांचा व्ही घाला, तळाशी १.५ मिमीची सपाट धार ठेवा आणि २ ते ३ मिमी फट. तुकड्याची लांबी ठरवताना या दोन फटी वजा करायला विसरू नका. वेल्ड थंड होताना प्रत्येक जोड साधारण १ ते २ मिमी आक्रसतो, तेही धरा. एकूण व्हीलबेस २ मिमीने चुकला तर चालेल. डाव्या बाजूला ३५६ आणि उजव्या बाजूला ३५२ आला तर गाडी आयुष्यभर तिरकी धावेल.

टॅक (भाग जागेवर धरून ठेवणारे वेल्डचे छोटे ठिपके) मारा, कर्ण मोजा. आणखी टॅक मारा, पुन्हा मोजा. माप जुळत नसेल तर टॅक ग्राइंड करून काढायला पाच मिनिटं लागतात.

वेल्ड

मिग (तार आणि गॅसवर चालणारं वेल्डिंग) असेल तर ई-आर-७०-एस-६ तार आणि ७५ टक्के आर्गॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड हे मिश्रण या जाडीला चांगलं बसतं. रॉडने करणार असाल तर ई-७०१८, पण ते रॉड ओव्हनमध्ये कोरडे ठेवलेले हवेत. ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरून नंतर तडे पाडतो. अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या शेजारीच लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून मार्ग शोधतो आणि त्यांच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर खड्डे पडतात. रंग, गंज आणि गॅल्व्हनाइझिंग जोडापासून ५० मिमीपर्यंत काढून टाका. जस्ताचा धूर फुप्फुसात गेला की रात्री ताप भरतो.

आधी वेब, खालून वर. वरून खाली ओढलेला वेल्ड दिसायला गुळगुळीत येतो, पण मुरत नाही. ३० ते ४० मिमीचा तुकडा डाव्या लाँग मेंबरवर, मग उजव्यावर, मग पुन्हा डाव्यावर, असं करत गेलं की उष्णता एका जागी साठत नाही. फ्लँजचा वेल्ड सुरू करताना आणि संपवताना काठाच्या बाहेर स्टीलचे छोटे तुकडे टॅक करून घ्या. वेल्ड त्या तुकड्यावर सुरू करून पलीकडच्या तुकड्यावर संपवायचा, म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा खड्डा फ्लँजच्या काठावर येत नाही. नंतर ते तुकडे कापून काठ गुळगुळीत करा. फ्लँजच्या काठावरची केसाएवढी खाचसुद्धा सोडायची नाही. चासीला तडा बहुतेक वेळा तिथूनच जातो.

पाणी मारून थंड करू नका. ग्राइंडिंगच्या रेघा लाँग मेंबरच्या लांबीच्या दिशेनेच राहू द्या, आडवी रेघ म्हणजे तड्याची सुरुवात. शेवटी डाय पेनेट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) फवारून प्रत्येक जोड तपासा. लाल रेघ उमटली तर तेवढा भाग खोदून पुन्हा भरायचा, वरून दुसरा थर द्यायचा नाही.

मजबुतीची पट्टी

एकदा माझ्याकडे एक गाडी आली होती. तिचे जोड सुरेख होते, पण बाहेरून लावलेली पट्टी चौकोनी होती आणि चारही बाजूंनी वेल्ड केलेली. लाँग मेंबर तुटला तो जोडावर नाही, पट्टीच्या टोकाला, उभ्या वेल्डच्या रेषेत. पट्टी जिथे संपते तिथे चासीची ताठरता एकदम उतरते, आणि नेमका तिथेच उभा वेल्ड घातला तर आपणच तड्याला जागा आखून देतो.

म्हणून सी आकाराच्या चासीला आतून घट्ट बसणारा दुसरा सी बसवा, बाहेरच्या जोडांच्या पलीकडे दोन्ही बाजूंना चासीच्या उंचीच्या निदान दुप्पट जाईल असा. चासी १५० मिमी उंच, तुकडा ३५६ मिमी आणि कट तिरका असेल तर पट्टी सुमारे १.१ मीटर लांब होते. दोन्ही टोकं ४५ अंशांत तिरकी कापा. ती १०.९ ग्रेडच्या १२ मिमी बोल्टनी वेबच्या मधल्या भागात बसवा, भोकं रीमरने बोल्टच्या नेमक्या मापाची करून. फ्लँजमध्ये भोक नको, फ्लँजच्या काठावर वेल्ड नको, टोकाला आडवा किंवा उभा वेल्ड नको. आतला सी बसण्याआधी बट वेल्ड (टोकाला टोक जोडणारा वेल्ड) आतून सपाट घासावा लागेल. बंद पेटीच्या चासीला बाहेरून शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी लावतात, तिचे टोक फ्लँजच्या काठापासून किमान २० मिमी आत ठेवून.

मधला भाग लांबल्यामुळे क्रॉस मेंबरांमधलं अंतरही वाढलेलं असतं. नव्या तुकड्याच्या जवळ एक क्रॉस मेंबर वाढवा, वेबला बोल्ट करून. प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत फिरणाऱ्या नळीला) मध्य बेअरिंग लागणार असेल तर त्याची जागा याच क्रॉस मेंबरवर काढता येते.

प्रोपेलर शाफ्ट

शाफ्ट व्हीलबेसएवढाच लांब करायचा, इतकं सोपं हे नाही. लांब नळी विशिष्ट फेऱ्यांना दोरीसारखी झुलायला लागते, तो तिचा क्रिटिकल वेग. तो लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. ७६ मिमी बाहेरच्या आणि ७२ मिमी आतल्या व्यासाची स्टीलची नळी १५०० मिमी लांब असेल तर तो वेग मिनिटाला सुमारे ५५०० फेरे येतो. तीच नळी १८५० मिमी केली की सुमारे ३६४०. प्रत्यक्षात त्याच्या ७५ टक्क्यांच्या आत राहायचं असतं, म्हणजे २७३० च्या आसपास. आता गाडीचा वेग बघा. ७५० मिमी व्यासाचा टायर आणि ३.७३ चा डिफरन्शियल असेल तर ताशी १०० किमीला शाफ्ट सुमारे २६४० फेरे घेतो आणि १२० किमीला ३१७०. म्हणजे १०० लाच आपण हद्दीवर पोचलो. अशा वेळी मध्य बेअरिंगचा दोन तुकड्यांचा शाफ्ट किंवा जास्त व्यासाची नळी लागते.

शाफ्ट बनवून घेताना मापं गाडी चाकांवर उभी असताना द्या, स्टँडवर असताना नाही. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) कान जुळलेले हवेत, शाफ्ट बॅलन्स केलेला हवा. सांध्याचा कोन साधारण १ ते ३ अंशांत आणि गिअरबॉक्सचा व डिफरन्शियलचा कोन एकमेकांशी १ अंशाच्या आत जुळता ठेवा.

नळ्या, केबल, वायरी

ब्रेकचा पाइप मधे तुकडा न घालता फिटिंगपासून फिटिंगपर्यंत नवा करा, मूळ प्रकारच्या फ्लेअरसह. साधी तांब्याची नळी आणि दाबून बसवायचे कॉम्प्रेशन जोड ब्रेकला कधीच नाही. हँडब्रेकला लांब मॉडेलची केबल मिळते का ते आधी शोधा. इंधनाची नळी फ्युएल इंजेक्शनच्या दाबाला मान्य असलेलीच घ्या आणि टाकीचं तोंड नव्या हौद्याच्या झाकणासमोर येतं का, ते टाकी बसवण्याआधी पाहा. वायरी त्याच रंगाच्या आणि जाडीच्या, जोड पुढेमागे ठेवून, आत गोंद असलेल्या हीट श्रिंकने बंद करा. एबीएस सेन्सरच्या वायरींची जोडी मूळ चासीत पिळलेली असते, वाढवलेल्या भागातही तसाच पीळ द्या. एक्झॉस्टला नवे हँगर लागतील.

ज्या गाडीला स्थिरता नियंत्रण आहे तिच्या कंट्रोल युनिटला व्हीलबेस माहीत असतो. तो लांब मॉडेलच्या आकड्यावर बदलता येतो का, हे सुरुवातीलाच विचारून ठेवायचं. चुकीच्या व्हीलबेसवर ती यंत्रणा चुकीच्या क्षणी ब्रेक लावू शकते.

रंग आणि हौदा

जोडांवर झिंक प्रायमर, मग इपॉक्सी. पट्टी आणि लाँग मेंबर यांच्यामधल्या फटीत पाणी शिरू नये म्हणून कडा सीलरने भरा, खाली पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा आणि बंद पेटीत गंजरोधक मेण फवारा.

हौदा आधी बोल्ट न लावता नुसता टेकवा. चारही बाजूंनी फिरून बघा: कमान चाकाभोवती सारखी आहे का, केबिनशी सुमारे २५ मिमीची फट सरळ आहे का. ही फट कमी करू नका. खड्ड्यातून जाताना चासी पिळते आणि हौदा केबिनला घासतो. माउंटिंगचे ब्रॅकेट वेबलाच बोल्ट करायचे. हौदा ॲल्युमिनियमचा असेल तर स्टीलशी थेट संपर्क येईल तिथे रबर किंवा नायलॉनचा थर घाला.

रस्त्यावर

पहिल्यांदा चार चाकांचं अलाइनमेंट करून घ्या आणि मागच्या एक्सलचा थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीच्या मध्यरेषेपासून किती तिरकी ढकलतात तो कोन) मुद्दाम छापून मागा. डावी-उजवी लांबी चुकली असेल तर ती इथे उघडी पडते. हेडलाइटची दिशाही लावून घ्या. चाकं तेवढीच वळत असतील तर वळणाची त्रिज्या व्हीलबेसच्या प्रमाणात, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे १२ टक्के वाढलेली असेल. पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात त्याचा अंदाज घ्या.

पहिले ५० किलोमीटर रिकामी गाडी, मग सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. त्यानंतर निम्मा भार, मग पूर्ण. ५०० आणि १००० किलोमीटरला गाडी वर घेऊन जोड, पट्टीची टोकं आणि पाट्यांचे हँगर टॉर्चच्या उजेडात बघा. रंगावर केसासारखी रेघ आणि तिच्यातून झिरपलेला तांबूस गंज दिसला तर तो तडा समजा आणि त्याच दिवशी गाडी उभी करा. अशा तड्यावर वरून पट्टी मारायची नाही. जोड उघडायचा आणि चूक कटाची होती, वेल्डची की पट्टीच्या टोकाची, हे शोधूनच पुन्हा जोडायचा.